‘गरज संपली’ हे कोण लिहिणार?

सोसायटीचे, कॉलनीचे, वॉर्डाचे व्हॉट्सॲप ग्रुप या विषयावर प्रश्न मागवले, तेव्हा भांडणांची पत्रं येतील असं वाटलं होतं. आली ती बहुतेक ‘मदत करायची आहे, पण नीट कशी करायची’ असं विचारणारी. त्यातली सात इथे घेतली आहेत.

आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला ‘तातडीने रक्त हवे’ असा मेसेज येतो. परवा एका मेसेजवरून सहाजण रुग्णालयात पोचले, तर तो चार महिन्यांपूर्वीचा निघाला. खरा मेसेज ओळखायचा कसा? आणि आपल्यावर वेळ आली तर लिहायचा कसा?
*एक वाचक, कोथरूड, पुणे*

आधी लिहायचा कसा ते पाहू. मोबाइल हातात घेण्यापूर्वी रक्तपेढीच्या खिडकीवर जा आणि तीन गोष्टी विचारा. नेमकं काय हवंय: पॅक्ड सेल (म्हणजे रक्तातल्या लाल पेशी), प्लेटलेट की प्लाझ्मा? किती पिशव्या? आणि दाता त्याच गटाचा हवा का? पुष्कळदा त्या गटाची पिशवी पेढीत असते, पेढी फक्त बदली दाता, म्हणजे नेलेल्या पिशवीच्या बदल्यात रक्त देणारा, मागत असते आणि तो कुठल्याही गटाचा चालतो. अशा वेळी ‘फक्त बी निगेटिव्ह’ असं लिहून आपण गावभर दुर्मीळ गटाची माणसं उगाच शोधत बसतो. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर आसपासच्या पेढ्यांमधला साठा दिसतो. पण तिथला आकडा पाहून लगेच गाडी काढू नका, पेढीत फोन करा.

मग मेसेज असा लिहा:

‘मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५, दुपारी ३.१०. रुग्ण पुरुष, वय ६१. हवे: बी पॉझिटिव्ह, पॅक्ड सेल, २ पिशव्या. ठिकाण: रक्तपेढीचे नाव आणि मजला. मुदत: उद्या सकाळी १० पर्यंत. संपर्क: रुग्णाचा मुलगा, फोन नंबर. निघण्यापूर्वी फोन करावा. उद्या दुपारी १२ नंतर हा मेसेज पुढे पाठवू नये.’

यातले दोन शब्द लोक हमखास गाळतात: वर्ष आणि मुदत. ‘आज संध्याकाळपर्यंत’ असं लिहिलेला मेसेज ज्या दिवशी वाचाल त्या दिवशी ताजाच वाटतो. रुग्णाचं नाव, आजार, केसपेपरचा फोटो यांतलं काहीही ग्रुपवर नको. दात्याला पेढीत नाव सांगावं लागतं, ते फोनवर सांगता येतं.

दाते मिळाले की काम संपत नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज दुरुस्त करता येतो तो पहिल्या १५ मिनिटांत, आणि ‘सर्वांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसांपर्यंत. शिवाय दोन्हींनी फक्त आपल्या ग्रुपवरचा मेसेज बदलतो. जो पुढे गेला तो गेला. म्हणून मूळ मेसेजला रिप्लाय करून ‘गरज संपली, १३ ऑगस्ट, सकाळी ९’ असं लिहायचं आणि ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला त्यांनीही तेच त्या त्या ग्रुपवर टाकायचं. हे काम रुग्णाच्या घरच्यांवर सोडू नका, त्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. ज्याने मेसेज ग्रुपवर आणला त्यानेच तो बंद करायचा, एवढा एकच नियम ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. नाहीतर तो नंबर चालू असेपर्यंत त्या मुलाला फोन येत राहतात. आणि कधीकधी ज्याच्यासाठी रक्त मागितलं होतं तो माणूस तोवर गेलेला असतो.

आता ओळखण्याचं. मेसेजवर दोन बाण दिसत असतील तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलाय. २०२० च्या एप्रिलपासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ते याच कारणाने. दोन बाण म्हणजे खोटा असं नव्हे. दोन बाण म्हणजे आधी फोन. नंबर लागला आणि गरज खरी असली, तर फॉरवर्ड करू नका. स्वतः नव्याने टाइप करा आणि ‘मी ४.२० ला फोन करून खात्री केली’ असं जोडा.

सगळ्यांनी एकदम धावू नये, यालाही कारण आहे. आज दिलेलं रक्त तपासण्या होऊन बाहेर यायला काही तास लागतात; ते तासाभरात त्याच रुग्णाला चढत नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाला पुढचे ३ महिने आणि बाईला ४ महिने पुन्हा देता येत नाही. दोन पिशव्यांसाठी वीसजणांनी एकाच संध्याकाळी रक्त दिलं, तर पुढच्या महिन्यात तोच ग्रुप रिकामा. पाचजणांची नावं घ्या, दोघांना पाठवा, तिघांना ‘राखीव’ म्हणून कळवा. दाता १८ ते ६५ वयाचा, किमान ४५ किलो वजनाचा आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या वर असलेला हवा. उपाशीपोटी कोणालाही पाठवू नका.

डेंग्यूच्या दिवसांत ‘एसडीपी’ची मागणी येते. म्हणजे एकाच दात्याकडून यंत्रावर काढलेल्या प्लेटलेट. याला साधा दाता चालत नाही. वजन ५० किलोच्या वर, हाताची शीर ठसठशीत, आणि गेल्या ३ दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नसावं. आधी नमुना देऊन तपासण्या, मग यंत्रावर तास-दीड तास. अर्धा दिवस जातो हे दात्याला आधीच सांगा, नाहीतर माणूस मधेच उठून ऑफिसला जातो.

जाता जाता एक गंमत. ‘बॉम्बे ब्लड ग्रुप हवा’ असा मेसेज आला की ‘मी मुंबईचाच’ असं म्हणणारा कोणीतरी निघतोच. हा अतिशय दुर्मीळ रक्तगट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे यांनी शोधला, म्हणून हे नाव. या रुग्णांना ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. साध्या चाचणीत हा गट ‘ओ’ दिसू शकतो, त्यामुळे इथे पेढीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच करू नये.

सुप्रभात आणि वाढदिवसांत मदतीचे मेसेज बुडून जातात. उपाय?
*एक वाचक, डोंबिवली*

दोन ग्रुप करा. एक गप्पांचा, दुसरा फक्त गरजेचा. दुसऱ्यात ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात’ ही सेटिंग लावा आणि ॲडमिन चार-पाच ठेवा. त्यात एकजण रात्री जागणारा आणि एकजण पहाटे उठणारा असावा. ज्याला गरज आहे त्याने ॲडमिनला सांगायचं, ॲडमिनने फोन करून खात्री करायची आणि टाकायचं. चालू मागणी २४ तासांसाठी पिन करता येते, मुदत संपली की पिन आपोआप निघते. सुप्रभात बंद करायला जाऊ नका. ते पाठवणारे आजोबा रोज सातला दिसतात आणि एके दिवशी दिसले नाहीत, की शेजारची कुणीतरी दार वाजवते. त्या मेसेजचा तेवढा उपयोग आहे.

आमच्या १२० घरांच्या सोसायटीत प्रत्येकाच्या माळ्यावर वॉकर, कमोडची खुर्ची, कुबड्या पडून आहेत. ग्रुपवरून एकत्र करून आसपासच्या गरजूंना वापरायला द्यायच्या आहेत. सुरुवात कशी करावी?
*दोन वाचक, नाशिक*

छोटी करा. दोन वॉकर, एक व्हीलचेअर, एक कमोड खुर्ची, कुबड्यांची एक जोडी, पाठीला टेकायचा एक बॅकरेस्ट. एवढं जिन्याखालच्या खोलीत मावतं. फाउलर कॉट, म्हणजे हॅंडलने डोकं-पाय वर होणारी खाट, कोणी देऊ केली तर आधी जागा आणि ती उचलायला चार माणसं आहेत का ते पाहा. ती जिथे आहे तिथेच ठेवून यादीत फक्त नोंद करणं शहाणपणाचं. ऑक्सिजन सिलिंडर, सीपॅप-बायपॅपसारखी श्वासाला मदत करणारी यंत्रं, वापरलेले नेब्युलायझरचे मास्क आणि नळ्या घेऊ नका.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, २०२१ पासून पुष्कळ घरांत पडून आहेत. तो घ्यायचाच असेल तर आधी तंत्रज्ञाकडून ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या. ५ लिटरच्या प्रवाहाला ते ९० टक्क्यांच्या आसपास हवं; ८५ च्या खाली गेलं असेल तर यंत्र आवाज करतं, हवा सोडतं, पण रुग्णाला पुरेसा उपयोग होत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय तो द्यायचा नाही.

आलेली वस्तू आधी साबणाच्या पाण्याने धुवा. मग एक लिटर पाण्यात २० मिली घरगुती ब्लीच (५ टक्क्यांचं) घालून त्या पाण्याने पुसा, १० मिनिटं ओलं राहू द्या आणि साध्या पाण्याने पुन्हा पुसून कोरडं करा. हे शेवटचं पुसणं टाळलं की नळीवर गंज धरतो आणि मग ब्लीचच्या नावाने खडे फोडतात. कमोडच्या भांड्याला संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

वॉकर उलटा करून खालची रबरी बुचं पाहा. त्यांच्यावरची नक्षी झिजून सपाट झाली असेल तर तो वॉकर ओल्या फरशीवर घसरणार. सर्जिकलच्या दुकानात ही बुचं मिळतात, नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्या आणि चारही एकदम बदला. उंची ठरवताना माणसाला नेहमीच्या चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. वॉकरची मूठ मनगटाच्या सुरकुतीशी यायला हवी. चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात ‘टक्’ करून बसली का ते बोटाने दाबून बघा. काखेतली कुबडी काखेला टेकता कामा नये, दोन-तीन बोटं अंतर हवं. भार हातावर घ्यायचा, काखेतल्या नसांवर नाही. व्हीलचेअरचे दोन्ही ब्रेक लावून ढकला. हलली तर द्यायची नाही. वस्तू ज्याच्या घरी जाते त्याला हे माहीत नसतं, म्हणून देणाऱ्याने दाखवायचं.

वहीत वस्तूचा क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची तारीख, दोन फोन नंबर (एक घरातला, एक बाहेरचा) आणि देताना काढलेला फोटो. भाडं घेऊ नका. भाडं घेतलं की लोक ते भरत राहतात आणि वस्तू परत येत नाही. ५०० रुपयांची परत मिळणारी अनामत पुरे, आणि ज्याला तेवढीही जड वाटेल त्याला न घेता द्या. प्लास्टर असेल तर ४५ दिवस, खुब्याचं ऑपरेशन असेल तर ३ महिने लिहा, आणि मुदतीच्या पाच दिवस आधी ‘अजून लागतोय का?’ असा फोन करा. ‘परत कधी करताय?’ असं विचारू नका. ज्या घरात माणूस गेलाय तिथे तेरावा होईपर्यंत खुर्चीचा विषय काढायचा नाही. नंतर ‘आम्ही येऊन घेऊन जातो’ म्हणावं. बहुतेक घरांना ती वस्तू समोरून हलायलाच हवी असते.

रात्री आमच्या गेटजवळ एक वृद्ध बाई गोंधळलेल्या अवस्थेत सापडल्या. कोणीतरी लगेच फोटो ग्रुपवर टाकला आणि तासाभरात घरचे आले. पण दुसऱ्या दिवशी ‘फोटो टाकायला नको होता’ यावरून वाद झाला. योग्य काय?
*एक वाचक, म्हापसा*

पहिला फोन ११२ ला. ग्रुप त्याच्यानंतर. बाईंना घरात नेऊ नका; उजेडात, दोन-तीन माणसांत, शक्यतो एका बाईच्या सोबतीने बसवा, पाणी द्या. पदराच्या टोकाला, पिशवीत, औषधाच्या पाकिटावर पत्ता किंवा नंबर सापडतो का ते त्यांना विचारूनच पाहा. नाव विचारून उत्तर आलं नाही तर गाव, देऊळ, मुलाचं नाव विचारा. स्मृती गेलेल्या माणसाला सध्याचा पत्ता आठवत नाही, माहेरचा आठवतो. दिवसा १४५६७ या ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइनचीही मदत होते.

ग्रुपवर वर्णन टाका: अंदाजे वय, साडीचा रंग, भाषा, कुठे सापडल्या, वेळ. एखादी खूण मुद्दाम गाळा, म्हणजे ‘आमच्या आई आहेत’ म्हणणाऱ्याला ती विचारता येईल. सापडलेल्या पाकिटाला किंवा मंगळसूत्रालाही हीच रीत लावा; ‘पर्स सापडली’ एवढंच लिहा, रंग आणि आतला ऐवज मागणाऱ्याने सांगायचा. फोटो पोलिसांना द्या, टाकायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. आणि बाईंना नातेवाइकांच्या ताब्यात देताना पोलीस समोर असू द्या, मग ते नातेवाईक कितीही खरे वाटोत.

लहान मूल सापडलं तर इथे मतभेदाला जागाच नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा ११२, आणि तेही लगेच. बाल न्याय कायद्यानुसार २४ तासांच्या आत कळवणं ही ज्याला मूल सापडलं त्याची जबाबदारी आहे. अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव जाहीर करायला त्याच कायद्याच्या कलम ७४ ची मनाई आहे.

आम्ही नुकतेच पुण्याहून एडिसनला आलो. इथे ‘बाय नथिंग’च्या ग्रुपवर लोक पाळणे, गाडीतल्या बाळाच्या सीट, कपडे फुकट देतात. मागायची लाज वाटते. आणि अनोळखी माणसाचं घ्यावं का?
*एक वाचक, न्यू जर्सी*

लाज बाजूला ठेवा. २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी ही पद्धत सुरू केली, ती मुळात अशी की विक्री नाही, अदलाबदलही नाही. द्यायचं, मागायचं आणि आभार मानायचे. मागणं हा त्यातला भागच आहे. आपल्याकडे एकाच्या बाळाची अंगडी-टोपडी चार घरं फिरतात, तेच हे. ‘पहिला आला त्याला’ असं नसतं. देणारी एखादा दिवस थांबून निवड करते, म्हणून दोन मिनिटांत उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ‘मला हवं’ यापेक्षा ‘मार्चमध्ये बाळ येतंय, दुसऱ्या मजल्यावर राहतो, शनिवारी सकाळी स्वतः नेईन’ हे जास्त चालतं.

काय घ्यावं? कपडे बिनधास्त घ्या. आणल्याबरोबर ड्रायरमध्ये सर्वांत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा, ढेकूण आणि अंडी मरतात. गादी आणि कापडी सोफा टाळा. घ्यायचाच झाला तर शिवणी उलगडून काळे ठिपके पाहा. पाळणा २८ जून २०११ नंतर बनलेला हवा. त्या तारखेपासून एक बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांवर अमेरिकेत बंदी आली. दोन गजांमधून कोल्ड्रिंकचा कॅन आत जात असेल तर फट मोठी आहे. गाडीतली सीट अनोळखी माणसाकडून घेऊच नका. अपघात झालेली सीट वरून धडधाकट दिसते आणि आतून तडकलेली असते. शिवाय तिला मुदत असते, ती खालच्या बाजूला छापलेली असते.

तुमच्याकडून देताना एक सांभाळा. भारतातून नेलेला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथली वीज १२० व्होल्टची. ट्रान्सफॉर्मर लागेल हे पोस्टमध्ये लिहा, नाहीतर घेणारी घरी नेऊन लावते, भांडं कसंबसं घरघरतं आणि तुमची भेट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. पोर्चवर ठेवताना घेण्याची वेळ ठरवा, आणि वस्तू गेली की पोस्टवर तसं लिहा.

उरलेली औषधं ग्रुपवर द्यावीत का?
*एक वाचक, सांगली*

नाही. उघडलेला डोळ्यांचा ड्रॉप महिनाभराने टाकायचा असतो. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिलं होतं का, हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. अँटिबायोटिकच्या उरलेल्या चार गोळ्या तर कोणाच्याच कामाच्या नाहीत. औषध आणून देणं मात्र मोठी मदत आहे: एकट्या राहणाऱ्यांच्या चिठ्ठीचा फोटो खासगीत घ्या, दुकानातून आणा, बिलासकट दारात द्या. ‘मी सहाला मेडिकलमध्ये जातेय, कोणाला काही?’ हा मेसेज आठवड्यातून दोनदा पडला तरी पुष्कळांची पायपीट वाचते.

एका मुलाच्या ऑपरेशनसाठी ग्रुपवर क्यूआर कोड आला. पैसे द्यावेत असं मनात आहे, पण धीर होत नाही.
*एक वाचक, नागपूर*

रुग्णालयाचा नंबर मेसेजमधला नको, स्वतः शोधून काढा आणि बिलिंग विभागात विचारा: या नोंदणी क्रमांकाचा रुग्ण आहे का आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरता येतील का. बहुतेक ठिकाणी येतात. मग वैयक्तिक क्यूआर कोडची गरजच उरत नाही. ‘पैसे परत करतो, पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पण वर्गणीच्या आधी एक काम आहे आणि ते पैशांपेक्षा मोठं असतं. तुमच्या ग्रुपमधल्या कोणीतरी त्या पालकांना रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांपर्यंत न्यावं. महात्मा फुले जनआरोग्य या राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत ते ऑपरेशन बसतं का, रुग्णालय धर्मादाय आहे का, हे तिथे कळतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिधापत्रिका, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं पत्रक बरोबर न्या. यातला उत्पन्नाचा दाखलाच नेमका नसतो आणि तिथे दोन दिवस जातात.

एवढं करूनही कमी पडलं तर रक्कम आणि शेवटची तारीख ठरवून मागा. जास्त जमले तर काय करायचं हेही त्याच मेसेजमध्ये लिहा: परत करणार, की मुलाच्या पुढच्या औषधांसाठी ठेवणार. रक्कम पूर्ण झाली की त्याच मिनिटाला ‘आता पाठवू नका’ असं टाका, आणि पावतीवरचं मुलाचं नाव झाकून ती ग्रुपवर दाखवा.